जुने पॉलिटिकल थ्रिलर आता परत वाचताना वेगळेच लागतात, तुम्हालाही असं होतं का?

आभा_वाचते

आजोळी सांगलीला माळ्यावर मामाची एक पत्र्याची ट्रंक आहे, त्यात त्याची कॉलेजच्या दिवसांतली इंग्रजी पेपरबॅक्स भरलेली आहेत, सगळी रद्दीवाल्याकडून किलोवर घेतलेली. दिवाळीत गेले तेव्हा त्यातून फ्रेडरिक फोर्सिथचं 'द डेव्हिल्स ऑल्टरनेटिव्ह' काढलं. अकरावीत असताना एकदा वाचलं होतं, दोन रात्रींत संपवलं होतं आणि भारी आवडलं होतं.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुस्तक १९७९ चं. सोव्हिएत रशियात गव्हाचं पीक बुडतं आणि अमेरिकेकडून धान्य घेतल्याशिवाय इलाज उरत नाही, त्याच वेळी युक्रेनला स्वातंत्र्य हवं असलेली मूठभर पोरं केजीबीच्या, म्हणजे रशियाच्या गुप्तहेर संघटनेच्या प्रमुखाला कीवमध्ये गोळी घालतात, तो हॉस्पिटलमधल्या आईला भेटायला आलेला असतो. क्रेमलिन ही बातमी दाबून ठेवतं. पुढे एक राक्षसी तेलवाहू जहाज ओलीस धरलं जातं. शेवट सांगत नाही.

अकरावीत मला यात फक्त जहाज आणि क्रेमलिनमधल्या त्या बैठका दिसल्या होत्या. युक्रेनवाली पोरं म्हणजे गोष्ट पुढे ढकलायला लेखकाने आणलेले माथेफिरू, एवढंच. मामालाही तसंच वाटलेलं दिसतंय, कारण शेवटच्या कोऱ्या पानावर त्याने पेन्सिलीने कोण कुठला याची यादी केलीय, रुडिन म्हणजे रशियाचा मुख्य, मन्रो म्हणजे इंग्रजांचा हेर, आणि त्या युक्रेनवाल्या ड्रेकच्या पुढे लिहिलंय 'वेडा'. विचारलं तर म्हणाला, अगं तेव्हा युक्रेन म्हणजे रशियातलाच एक भाग एवढंच माहीत, त्यासाठी कुणी जीव देईल हे पटलंच नव्हतं.

आणि या वेळी मी नेमकी तिथेच अडकले. माझी मावसबहीण टर्नोपिलला एमबीबीएसला होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये ती आणि तिच्या मैत्रिणी पोलंडच्या बॉर्डरकडे निघाल्या, शेवटचे कित्येक किलोमीटर थंडीत चालत, आणि आम्ही इकडे मावशीच्या घरी टीव्हीवरचा नकाशा आणि व्हॉट्सअॅपवरची तिची लास्ट सीनची वेळ बघत बसलेलो. त्या चार दिवसांत लविव हे नाव आमच्या घरात शंभर वेळा तरी उच्चारलं गेलं असेल. पुस्तकात ते 'लवोव' आहे, रशियन पद्धतीने. अकरावीत त्या नावावरून नजर अशीच पुढे गेली असणार, या वेळी तिथे पुस्तक बंद करून उठले आणि पाणी प्यायले.

गव्हाचंही तेच. पुस्तकात रशिया गव्हासाठी हात पसरतो आणि सगळं जग त्याभोवती फिरतं. आता रशिया जगात सगळ्यात जास्त गहू निर्यात करणारा देश आहे, आणि २०२२ मध्ये काळ्या समुद्रातली जहाजं अडली, जगभर भाव चढले, त्यात इकडे उन्हाळ्याने पीक मार खाल्लेलं, म्हणून मे महिन्यात आपल्या सरकारने गव्हाची निर्यात बंद केली. म्हणजे पुस्तकातला धागा जिवंतच आहे, फक्त त्याची टोकं अदलाबदल झालीत.

तर प्रश्न असा. तुमच्या बाबतीत असं कुठल्या पुस्तकाचं किंवा सिनेमाचं झालंय? 'लेखकाने आधीच भाकीत केलं होतं' अशा याद्या नेटवर खूप आहेत, त्या नकोत. मला हे ऐकायचंय की घटना घडून गेल्यावर पुस्तकातली नेमकी कुठली जागा तुमच्यासाठी बदलली.

दर्यावर्दी

हेच पुस्तक! पण माझी जागा वेगळी, ते जहाज.

मी मर्चंट नेव्हीत होतो, बरीच वर्षं टँकरवर. डेव्हिल्स ऑल्टरनेटिव्ह मी कॅडेट असताना जहाजाच्याच लायब्ररीतून वाचलं, कव्हर गेलेलं होतं. तेव्हा आम्ही पोरं त्यावर हसायचो की एका लाँचमधून आलेली पाच-सात माणसं एवढं मोठं जहाज कसं काय ताब्यात घेतील, काहीतरीच. मग नोव्हेंबर २००८ मध्ये सोमाली चाच्यांनी 'सिरियस स्टार' पकडलं, सौदीचा सुपरटँकर, वीस लाख बॅरल कच्चं तेल भरलेला, आणि तेही किनाऱ्यापासून किती आत समुद्रात. छोट्या बोटी, एक शिडी आणि रायफली. जानेवारीत सोडलं ते.

त्यानंतर एडनच्या आखातातून जाताना आमच्या जहाजाच्या कठड्याला सगळीकडे रेझर वायर गुंडाळलेली असायची, फायर होज बाहेर तोंड करून चालू ठेवलेले, रात्री डेकवरचे दिवे बंद आणि आम्ही दोघं-दोघं पायरसी वॉचला. इंजिनरूमच्या बाजूला सिटाडेल केलेलं, म्हणजे चाचे वर चढलेच तर सगळ्यांनी आत जाऊन दार लावून बसायचं, आत पाणी, बिस्किटं, सॅटेलाइट फोन. मी स्वतः ती बिस्किटं मोजून ठेवलीत. त्यानंतर तो भाग परत वाचला तेव्हा मला राष्ट्राध्यक्ष नि पंतप्रधान कोणीच दिसेनात. पूर्वी ज्यांची नावंही लक्षात राहिली नव्हती ते खालच्या केबिनमध्ये कोंडलेले खलाशी, मी सगळा वेळ त्यांच्याबरोबर होतो. लेखकाने त्यांना फार जागा दिलेली नाही, याचं आता वाईट वाटतं.

अजून एक, त्यातलं जहाज दहा लाख टनांचं आहे. तेवढं जहाज कधी बांधलंच गेलं नाही. सगळ्यात मोठं झालं ते साधारण ५ लाख ६४ हजार टनांचं 'सीवाइज जायंट', आणि ते शेवटी आपल्या गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर तोडलं, २०१० च्या सुमारास.

निखिल_वर्धा

हे दहा लाख टनांचं बरं सांगितलंत. माझा मुद्दा तोच आहे, की आपण जे जुळलं तेवढंच लक्षात ठेवतो. त्याच पुस्तकात सोव्हिएत युनियन म्हणजे कायमची गोष्ट धरलीय, बारा वर्षांत ते बिनालढाईचं मोडून पडेल हे कोणाच्या डोक्यात पण नव्हतं. १ डिसेंबर १९९१ ला युक्रेनच्या लोकांनी मतदान करून नव्वद टक्क्यांच्या वर कौल स्वातंत्र्याला दिला, ना जहाज ओलीस ना काही. म्हणजे थ्रिलरवाल्याला मतपेटी सुचत नाही, बंदूकच सुचते. मला तरी जुने थ्रिलर वाचताना हीच गोष्ट खटकते आता.

सदाशिवकाका

आभा, चांगला विषय काढलास. जरा लांबण लागेल, चालवून घे.

मी 'डे ऑफ द जॅकल' वाचलं ते पुण्यात कॉलेजात असताना, ८४ च्या उन्हाळ्यात. फ्रान्सच्या द गॉलला मारायला भाड्याचा मारेकरी नेमतात ती गोष्ट, पुस्तक १९७१ चं. त्याची मजा अशी की द गॉल १९७० मध्ये घरी, म्हातारपणी गेले हे वाचणाऱ्याला पहिल्या पानापासून माहीत आहे, तरी हातातून पुस्तक सुटत नाही. का सुटत नाही, तर तयारी. मेलेल्या लहान मुलाच्या जन्मदाखल्यावर पासपोर्ट काढणं, कुबडीच्या नळ्यांत मावेल अशी खास रायफल करून घेणं, खरबुजावर नेम धरून बघणं. आम्ही मित्र ते एकमेकांना वाचून दाखवायचो.

ऑक्टोबरात इंदिराजी गेल्या. घरच्या बागेत, स्वतःच्याच रक्षकांच्या गोळ्यांनी. आणि ८६ च्या ऑगस्टमध्ये आमच्या पुण्यात, कँपात, निवृत्त लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्यांना मारलं. भरदिवसा, ते स्वतः गाडी चालवत घरी निघालेले, मोटारसायकलवरून आलेल्यांनी खिडकीतून गोळ्या घातल्या. त्या रस्त्याने मी सायकलवरून रोज जायचो. दुसऱ्या दिवशी गेलो तर रस्ता नेहमीसारखाच होता, दुकानं उघडी, आणि मी उगाच कडेला सायकल धरून बराच वेळ उभा राहिलो.

त्यानंतर जॅकल परत हातात घेतलं तेव्हा मला एक गोष्ट समजली, ती अजून मनातून जात नाही. ती सगळी तयारी वाचताना आपल्याला भीती वाटत नव्हती, उलट आधार वाटत होता. एवढा हुशार माणूस, एवढा पैसा, एवढे महिने, तेव्हा कुठे एक खून जमण्याची शक्यता, आणि त्यात समोर पोलिसातला एक शांत माणूस धागा धागा उकलत येतोय. म्हणजे वाईट काम करणं अवघड असतं असं ते पुस्तक आपल्याला सांगतं. कँपातल्या त्या रस्त्यावर कळलं की अवघड अजिबात नसतं.

पासपोर्टचंही बघ. २६/११ च्या आधी मुंबईत येऊन ताज वगैरे ठिकाणांची टेहळणी करून गेलेला तो हेडली, त्याला खोटा पासपोर्ट लागलाच नाही. मूळ नाव दाऊद गिलानी, २००६ मध्ये अमेरिकेत कायदेशीर अर्ज करून नाव बदललं आणि खऱ्या पासपोर्टवर खऱ्या व्हिसाने आला. जॅकलच्या जन्मदाखल्याची पानं आम्ही केवढ्या कौतुकाने वाचली होती! आता ती वाचताना घशाशी येतं.

तरीही पुस्तक मला आवडतं हे सांगतो. फक्त आता मी ते त्या पोलिसासाठी वाचतो, लेबेलसाठी. रात्र रात्र फोनवर बसून नावं तपासणारा, वरच्यांची बोलणी खाणारा. तरुणपणी त्याची पानं मी भराभर उलटायचो.

मिलिंद_जर्सी

काका, 'आधार' हा शब्द अगदी बरोबर आहे. माझा अनुभव उलट बाजूने आहे, पण येतो तिथेच.

मी ९९ मध्ये वायटूकेच्या कामावर न्यू जर्सीत आलो. रोज पाथ ट्रेनने वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या स्टेशनला उतरून ऑफिसला जायचो आणि ट्रेनमध्ये पेपरबॅक वाचायचो. तिथेच टॉम क्लॅन्सीचं 'डेट ऑफ ऑनर' वाचलं, १९९४ चं. जपान-अमेरिका भांडणाची गोष्ट आहे, आणि अगदी शेवटी एक जपानी पायलट, ज्याचा मुलगा आणि भाऊ लढाईत गेलेत, तो जंबो जेट नेऊन वॉशिंग्टनमध्ये कॅपिटलवर आदळवतो, आत सगळं सरकार बसलेलं असताना. मला आठवतंय, ते वाचून मी शेजारच्या मित्राला कोपर मारून म्हणालो होतो, काय शेवट केलाय राव!

त्या मंगळवारी मला निघायला उशीर झाला होता, म्हणून जर्सी सिटीच्याच बाजूला राहिलो. नदीच्या काठावर आम्ही सगळे उभे होतो, ओळखीचे अनोळखी. यापेक्षा जास्त लिहवत नाही.

ते पुस्तक परत उघडायला मला दहा वर्षं लागली. उघडलं तर जाणवलं की शेवट किती थोडक्यात उरकलाय. शेकडो माणसं मरतात, आणि लेखकाला घाई आहे ती नायकाला राष्ट्राध्यक्ष करण्याची, कारण वरचे सगळे गेल्यावर खुर्ची त्याच्याकडे येते. म्हणजे ती माणसं नायकाचं प्रमोशन व्हावं म्हणून मरतात. हे मला ९९ मध्ये जराही खुपलं नव्हतं, आणि आता दुसरं काही दिसतच नाही.

निखिल म्हणतो तसं भाकीत वगैरे मीही मानत नाही, पण एक खरी गोष्ट सांगतो. मे २००२ मध्ये कॉन्डोलिझा राइस म्हणाल्या होत्या की विमान असं इमारतीवर आणून आदळतील असा अंदाज कुणालाच करता आला नसता. आणि २००४ च्या ९/११ कमिशनच्या रिपोर्टमध्ये व्हाइट हाउसचे दहशतवादविरोधी अधिकारी रिचर्ड क्लार्क यांच्याबद्दल लिहिलंय, की विमानाचा शस्त्र म्हणून वापर होऊ शकतो हे त्यांच्या डोक्यात गुप्तचर खात्याच्या इशाऱ्यांपेक्षा टॉम क्लॅन्सीच्या कादंबऱ्यांमुळे जास्त होतं. सरकारी रिपोर्टमध्ये, छापील. ट्रेनमध्ये टाइमपास म्हणून मी जे वाचत होतो ते तिकडे एका माणसासाठी धोक्याची सूचना होतं. हे मला आजही नीट पचलेलं नाही.

गिरणगावचा

सगळे इंग्रजीच सांगताहेत म्हणून मी मराठीतलं सांगतो, सिंहासन. थ्रिलर म्हणा न म्हणा, माझ्यासाठी आहेच, खून नाही तरी छातीत धडधड होते.

अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांवर जब्बार पटेलांनी १९७९ मध्ये सिनेमा केला. मुख्यमंत्री जिवाजीराव, त्यांना पाडायला निघालेले अर्थमंत्री विश्वासराव, आणि हे सगळं बघणारा पत्रकार डिगू टिपणीस, म्हणजे निळूभाऊ. 'सिंहासन' कादंबरी १९७७ ची आहे हे लोक विसरतात. वसंतदादांचं सरकार पडून शरद पवार मुख्यमंत्री झाले ते जुलै १९७८ मध्ये, म्हणजे पुस्तक आधी आणि घटना नंतर, आणि सिनेमा येईपर्यंत थेटरात बसलेल्यांनी खरा खेळ डोळ्यांनी पाहिलेला. माझे वडील म्हणायचे की लोक प्रत्येक पात्राला खरं नाव लावत बसले होते, गोष्टीकडे लक्षच नव्हतं.

आता २०१९ चा पहाटेचा शपथविधी झाला, मग जून २०२२ मध्ये सुरत-गुवाहाटी झालं, तेव्हा सगळ्यांनी सिंहासनच्या क्लिपा फॉरवर्ड केल्या, बघा काहीच बदललं नाही म्हणून. मला ते पटत नाही, मी तेव्हा मुद्दाम परत पाहिला सिनेमा. बदललंय की! एक तर कायदा. तेव्हा पक्षांतरबंदी नव्हतीच, एकेक आमदार मोजायचा, आज इकडे उद्या तिकडे. ८५ मध्ये कायदा आला, त्यात एक तृतीयांश फुटले तर चालायचं, २००३ मध्ये तेही काढलं. म्हणून आता एकेक नाही, गठ्ठ्याने न्यावे लागतात, विमान करून, हॉटेलात. विश्वासरावांना हे लागलं नसतं, त्यांना एक फोन आणि एक बंद खोली पुरायची.

आणि दुसरं म्हणजे गुपित. सिंहासनचा सगळा जीव त्यात आहे की डिगूला जे कळतं ते रस्त्यावरच्या माणसाला कळत नाही, ते ओझं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर आहे, म्हणून शेवटी त्याचं काय होतं ते आपण बघतो. २०२२ मध्ये आम्ही चहाच्या टपरीवर बसून हॉटेलच्या दारातल्या बसेस लाइव्ह मोजत होतो. डिगूला जे एकट्याला सोसावं लागलं ते आता सगळ्यांना दिसतंय, आणि कोणाला काही होत नाही. शेवटचा प्रसंग मला आता जास्त त्रास देतो तो यामुळे.

पण माझी खरी जागा वेगळीच आहे, आभाताई, तुम्ही विचारलंत म्हणून. त्यात डिकास्टा हा कामगार पुढारी आहे, सतीश दुभाषींनी केलेला. मुख्यमंत्र्यालाही त्याला टाळता येत नाही, त्याच्या मागे कामगार आहेत. माझे वडील कापड गिरणीत साळखात्यात (विणकामाकडे) होते, लालबागला. सिनेमा आल्यावर तीन वर्षांत, १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि तो कधी मागे घेतलाच गेला नाही. वडील परत कामावर गेले नाहीत. पुढे गावाला, संगमेश्वरला. लहानपणी टीव्हीवर सिंहासन लागलं की डिकास्टाचे सीन आम्हाला कंटाळवाणे वाटायचे, खुर्चीची भानगड बघायची असायची. आता खुर्चीची भानगड ठरलेलीच वाटते आणि मी डिकास्टाच्या सीनला आवाज वाढवतो. गिरणीचा माणूस ज्याच्या मागे आहे त्याला मुख्यमंत्री समोर बसवून बोलतो, हे मुंबईत खरोखर होतं, हे माझ्या मुलीला दाखवायला आता माझ्याकडे तो सिनेमाच उरलाय.

निखिल_वर्धा

गिरणगावचा, मी माझा मुद्दा अर्धा मागे घेतो. जुळलं-नाही जुळलं हे मोजत बसण्यात अर्थ नाही. सिंहासन कादंबरी मी वाचलेली नाही, फक्त सिनेमा पाहिलाय. आता वाचतो.

आभा_वाचते

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे खरंच आभार. दर्यावर्दी, तुमचं वाचून मी रात्री जहाजाचा भाग परत वाचला, आणि खरंच, खलाशांना फारच थोडी जागा आहे. काका, तुमचा तो सायकल धरून उभं राहण्याचा भाग मी आईला वाचून दाखवला, ती तेव्हा पुण्यात शिकत होती, तिला तो दिवस आठवतोय.

सगळ्यांच्या लिहिण्यात मला एक सारखं दिसलं, पुस्तकातले मोठे लोक मागे गेलेत आणि ज्यांची पानं आपण भराभर उलटली होती ते पुढे आलेत. माझ्या बाबतीत तो ड्रेक. त्याने जे केलं ते मला आजही पटत नाही, निर्दोष माणसांना ओलीस धरणं कुठल्याही कारणाने पटणार नाही. पण मामाच्या यादीतला 'वेडा' हा शब्द आता मला तसाच्या तसा वाचता येत नाही.

काल मावसबहिणीला फोन केला होता. तिने पुढचं शिक्षण जॉर्जियात पूर्ण केलं, आता इथे परत येऊन परीक्षेचा अभ्यास करतेय. तिला लविवचा तो भाग वाचून दाखवू का विचारलं. थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली की त्यात रेल्वे स्टेशन आहे का? मी चाळून बघितलं आणि सांगितलं की मला तरी दिसत नाहीये. मग नको म्हणाली. पण मामाच्या यादीचं ऐकून तिला ते पान बघायचंय, म्हणून आज सकाळी उजेडात फोटो काढून पाठवलाय, पेन्सिल बरीच पुसट झालीय, तरी वाचता येतं.